बाजेखालची शेगडी

परमुलखात कुठंसं युद्ध पेटलं होतं म्हणे, आणि त्यापायी अकोल्याच्या बाजारात आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. बाळापूरकडच्या आमच्या गावात लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदी मढवली. बायकांना मात्र दिवस भरेपर्यंत वेचणीतून सुटका नव्हती. कळा येत त्या शेतातच, आणि मग सुईणीकडे माणूस पळत येई. सुईण म्हणजे मी, मनकर्णा, आणि माझ्या हाताखाली तयार झालेली शकुन.

त्या हंगामात शकुनच्या हातात माणिक गेली. मूल वाचलं, आई शेताच्या धुऱ्यावरच, बांधावर, संपली. रक्त थांबलंच नाही. मी असते तरी थांबलं नसतं. हे शकुनला शंभरदा सांगितलं, पण ती भिंतीकडे तोंड करून बसली ती बसलीच. अन्न नाही, आंघोळ नाही. बोलावणं आलं की कानांवर हात. मला आधी राग आला, मग भीती वाटली. पोटची नसली तरी माझीच पोर ती.

बोलून तोंड दुखलं, तेव्हा मला जे येतं ते केलं. पाणी तापवलं, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवली, तिला आडवं पाडलं आणि तेलानं पाठ रगडायला लागले.

"हे काय करून राहिली मावशी? मी काय बाळंतीण आहो?"

"मंग कोन आहे? तिच्यासंगं तूबी मरता मरता वाचली. पडून राह्य."

ती हमसून रडली. माझे हात थांबले नाहीत. न्हाऊ घातलं, कंबर बांधली, कण्यांचे चार घास भरवले.

तेवढ्यात गावातल्या महादेवरावांचा गडी धापा टाकत आला. त्यांची सून शेतात अडली होती, मूल पायांकडून येत होतं. शकुन उठायला लागली. मी तिला दाबून निजवलं.

"बाळंतीण उठत नसते. मी चालली."

गेले खरी, पण माझी बोटं आता वातानं वाकडी झालेली. मूल खांद्याशी अडकलं आणि बोटं वळेनात. सून "वाचव मावशी" म्हणत होती. एवढ्यात मागून तेलाचा वास आला. केस ओले, कंबर बांधलेली, शकुन उभी.

"सरक मावशी. कसं वळवू ते सांग फक्त."

मी सांगत गेले, ती करत गेली. मूल रडलं, तशी आई हसली.

आम्ही घरी आलो. दारात पाय धुताना शकुननं विचारलं, "तुया हातात पयली बाई गेली, तवा तुले कोनं शेकलं?"

मी खेकसले, "मले कोन शेकते? दुसऱ्या दिशी मी दुसऱ्या घरी बाळंतपणाले गेली."

तिनं शेगडीत नव्या गोवऱ्या घातल्या, फुंकर मारली आणि बाजेवर हातानं थोपटलं.

"पड."

मी पडले. तिचा तेलाचा हात पाठीला लागला, आणि मला रडू आवरेना.

"गोदा," मी म्हणाले. "गोदा नाव होतं तिचं."