एकोणीस किलो

काटा एकोणिसावर जाऊन थांबला. भार्गवीनं सूटकेस खाली घेतली, काट्याला एक टिचकी मारली आणि पुन्हा अडकवली. पुन्हा एकोणीस.

व्हरांड्याच्या छताला जी कडी होती, तिला पूर्वी झोपाळा होता. झोपाळा मोडीत गेला आणि अण्णांनी तिथं स्प्रिंगचा काटा टांगला. उज्जैन स्टेशनच्या पार्सल ऑफिसात छत्तीस वर्षं काढलेला माणूस. त्या काट्याला लटकल्याशिवाय घरातली एकही बॅग कधी फाटकाबाहेर पडली नव्हती.

विमानात पंधरा किलो चालणार होते. साडेनऊ वाजले होते. दिलीपभैय्याची भाड्याची गाडी अकराला येणार, साडेबाराला इंदूरच्या विमानतळावर ग्रुप जमणार आणि त्या ग्रुपबरोबर अक्का सात दिवस अंदमानला जाणार. एकटी.

आईला घरात सगळे अक्काच म्हणत. सत्तरीला दोन वर्षं कमी होती. सहल अण्णांनी मागच्या वर्षीच ठरवून ठेवली होती, दोघांसाठी. "हिंदुस्थानात कुठं कुठं पार्सल पाठवलं मी," ते म्हणायचे, "एक अंदमान राहिलं. तिथं रेल्वेच नाही. आता स्वतःच जाऊन पडतो." मग भाद्रपदात ते गेले, आणि त्यांचं तिकीट रद्द झालं. अक्काचं झालं नाही, कारण अक्कानं करू दिलं नाही. फ्रीगंजच्या मावशीनं तोंडावर विचारलं होतं, "शोभा, अजून वर्षसुद्धा झालं नाही, लोक काय म्हणतील?" अक्का म्हणाली होती, "तीर्थाला नाही जात. समुद्र बघायला जाते."

"किती भरतंय गं?" न्हाणीघरातून अक्काचा आवाज आला.

"बघतेय. तू आटप."

चार किलो जास्त आले कुठून? काल दुपारी दोघींनी मिळूनच तर बॅग भरली होती. भार्गवीनं ती आतल्या खोलीत पलंगावर नेऊन उघडली. सगळ्यांत वर भेरूगढची छापील चादर. हॉटेलच्या चादरीवर अण्णांचा कधीच भरवसा नव्हता. चादरीखाली अक्काच्या साड्या, शाल. साड्यांखाली फिकट निळ्या रंगाचा शर्ट.

त्याखाली पांढरा. त्याखाली चौकडीचा. चार शर्ट, दोन पँटी, दाढीची पेटी, मोठी टॉर्च, दुर्बीण आणि तळाशी अण्णांचे कॅनव्हासचे बूट.

ती पलंगाच्या कडेवर बसली. आल्हादचं म्हणणं खरं होतं तर.

आल्हाद धाकटा, पुण्याला असायचा. तो दोन-तीन महिने एकच गोष्ट सांगत होता: अक्काचं डोकं ठिकाणावर नाही, तिला एकटीला पाठवू नका. नोव्हेंबरात अक्का दोरा आणायला म्हणून फ्रीगंजला गेली आणि दोन तासांनी पार्सल ऑफिससमोरच्या बाकावर सापडली. मोबाइल घरीच राहिला होता. "हरवले नव्हते, बसले होते," एवढंच ती म्हणाली. पण त्या दिवसापासून आल्हादनं ठरवून टाकलं. आणि भार्गवीला मनातून काय वाटत होतं? तिला वाटत होतं, अक्कानं जाऊ नये. त्याचं कारण अक्काचं डोकं नव्हतं. पाच महिन्यांपूर्वी एक माणूस सकाळी चालत फाटकाबाहेर पडला होता आणि परत आला नव्हता, हे कारण होतं. पण असं कुणाला सांगता येत नाही. आल्हादचं कारण सांगता येण्यासारखं होतं.

फोन वाजला. आल्हादच.

"ताई, अक्का निघाली का?"

"नाही. वजन जास्त भरतंय."

"म्हणजे? बॅग कुणी भरली?"

भार्गवीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ताई, हे बघ. काही गडबड असेल तर आत्ता सांग. टूरवाल्याचा नंबर माझ्यासमोर आहे. एक फोन केला की संपलं. तिकडं समुद्रावर ती कुठं निघून गेली तर कोण बघणार? काही दिसलं का तुला?"

दिसलं, म्हणायचं होतं. तिच्या जिभेवर तेवढाच शब्द होता. 'अक्कानं अण्णांचे कपडे भरलेत.' इतकं पुरे होतं. गाडी परत जाईल, अक्का दोन दिवस बोलणार नाही, मग बोलेल. आणि घरी राहील.

बोलता बोलता तिनं एक बूट उचलला होता. त्यात मोजे कोंबलेले होते, गोळा करून, टाचेपर्यंत. तिनं शर्टाकडं पाहिलं. बाह्या पाठीमागं एकमेकींवर नेऊन, खालून दोन दुमडी, कॉलर वर. अक्का कधीही शर्टाची घडी अशी घालत नसे; ती बाह्या पोटावर घ्यायची, आणि अण्णा तिची त्यावरून थट्टा करायचे. बाह्या पाठीमागं नेणारी, बुटांत मोजे कोंबणारी माणसं या घरात दोनच. त्यातलं एक गेलं होतं.

झाकणाच्या आतून चिकटवलेल्या पुठ्ठ्याकडं तिची नजर गेली. अण्णांची यादी. त्यात अण्णांचं काय आणि अक्काचं काय असं वेगळं केलेलं नव्हतं. पार्सलवाल्याला मालक दिसत नाही, वजन दिसतं. जड ते आधी, हलकं ते नंतर. बूट एक जोड. दाढी पेटी. टॉर्च. शर्ट चार. साड्या पाच. लहानपणापासून रीत ठरलेली: अण्णांनी वाचायचं, भार्गवीनं कपाटातून काढून ठेवायचं आणि म्हणायचं, "चढलं." प्रत्येक नगाला. शेवटी अण्णा विचारायचे, "सगळं चढलं?" आणि तिनं हो म्हटल्याशिवाय रिक्षावाल्याला निघायची परवानगी नव्हती.

काल पुठ्ठा अक्कानं वाचला होता. भार्गवीचे हात वरच्या कप्प्यात, खालच्या कप्प्यात जात होते. डोक्यात पुढचे सात दिवस होते, हे रिकामं घर होतं. बूट. चढलं. शर्ट चार. चढलं.

"ताई? ऐकतेस ना?"

"मी भरली बॅग," भार्गवी म्हणाली.

"काय?"

"बॅग मी भरली. अण्णांचे कपडे भरले, त्यांच्या यादीवरून. माझ्या हातून झालं. अक्काची काही चूक नाही त्यात."

 आल्हाद म्हणाला, "अण्णांचे? आणि तिनं तुला थांबवलं नाही? मग तिच्याही लक्षात नाहीच आलं ना? तेच म्हणतोय मी!"

तिनं हातातला बूट परत बॅगेत ठेवला.

"स्पीकर लाव," दारातून आवाज आला. अक्का ओल्या केसांना पंचा गुंडाळून उभी होती. कधीपासून, कुणास ठाऊक. तिनं बॅगेतल्या शर्टांकडं पाहिलं, पण तिला काही नवल वाटल्याचं दिसलं नाही.

"आल्हाद, कान उघडे ठेव. पुठ्ठा मी वाचत होते. 'बूट' म्हटलं तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं."

"मग बोलली का नाहीस, अक्का?"

"बोलणार होते. तेवढ्यात ही म्हणाली, 'चढलं.'" अक्का आत आली. "पाच महिन्यांत या घरात ही मोठ्यानं बोललेली नाही. भाजी कुठली करू, दूधवाल्याला काय सांगू, सगळं कुजबुजून. काल दुपारी सातवीतल्या पोरीसारखी ओरडत होती. मला वाचायचं थांबवेना. मी पुढंच वाचत गेले. दोन ओळी तर मी माझ्याच घातल्या."

"कुठल्या?" भार्गवीनं विचारलं.

"टॉर्च आणि दुर्बीण. नीट बघ, पुठ्ठ्यावर दुर्बीण नाहीच."

खरोखरच नव्हती. टॉर्च मात्र होती.

"टॉर्च आहे, अक्का."

"असेल बाई. चष्मा नव्हता."

फोनमधून आल्हादचं हसू बाहेर आलं आणि मध्येच तुटलं. "पण मग ती बॅग तू तशीच नेणार होतीस?"

"एअरपोर्टवर काय ते बघितलं असतं. तू आता तुझ्या कामाला लाग. टूरवाल्याला फोन केलास तर मी तिथं पोचून पुन्हा तिकीट काढीन, माझ्या पेन्शनमधून. समजलं? ठेव."

सव्वादहा झाले होते. भार्गवीनं शर्ट एकेक करून बाहेर काढले. दुमड मोडू नये म्हणून दोन्ही तळव्यांवर घेऊन काढले. पँटी, पेटी, टॉर्च. बूट. पलंगावर दुसरी एक रास तयार झाली आणि सूटकेसमध्ये खड्डा पडला. साड्या एका बाजूला घसरल्या.

"मोकळी जागा ठेवायची नाही," अक्का म्हणाली. "मोकळी जागा म्हणजे..."

"फुटलेला माल. माहीत आहे. काय घालू?"

अक्का स्वयंपाकघरात गेली आणि शेवेची तीन पाकिटं घेऊन आली. "समुद्र मोठा असेल तिथं, पण शेव नसणार." तिनं ती कोपऱ्यांत बसवली. मग पलंगावरची दुर्बीण उचलली, काचेवर पदर फिरवला आणि ती शालीत गुंडाळून मधोमध ठेवली. "ही येऊ दे. त्यांनी सांगितलेलं सगळं बघायला मला लांबचं दिसायला हवं."

"आणि हे?" भार्गवीनं शर्टांकडं हात केला.

"कपाटात परत ठेवू नकोस. कुणाला देऊही नकोस. मी आल्यावर दोघी मिळून बघू."

काट्यावर साडेचौदा भरले. अक्कानं स्वतः वाकून आकडा वाचला, चष्मा लावून.

अकराला पाच कमी असताना फाटकाशी हॉर्न वाजला. दिलीपभैय्या सूटकेस डिकीत ठेवून म्हणाला, "चलो माताजी, देवास रोड पे जाम मिलेगा." अक्का मागं बसली, पर्स मांडीवर घेतली, गुडघ्यावरची साडी सारखी केली. दार लावलं नाही. दिलीपभैय्यानं गाडी सुरू केली, आरशात पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"माताजी, दरवाजा."

"रुको भैय्या." अक्का भार्गवीकडं पाहत होती. "सगळं चढलं?"

 हो म्हटलं की गाडी निघणार होती. न म्हणता उभं राहिलं तर अक्का वाट पाहील, पाच मिनिटं, दहा मिनिटं. तिचा स्वभाव भार्गवीला ठाऊक होता. देवास रोडला जाम लागेल. ग्रुप निघून जाईल. तिनं फाटकाची सळई घट्ट धरली.

"चढलं," ती म्हणाली.

"ऐकू नाही आलं."

"चढलं!"

शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईनं खाली वाकून पाहिलं. अक्कानं दार ओढून घेतलं. गाडी कॉलनीच्या वळणावरून नानाखेड्याकडं वळली आणि दिसेनाशी झाली.

भार्गवी आत आली. पलंगावर शर्ट होते, त्यांच्याशेजारी बूट. ती खाली बसली आणि बुटांतले मोजे काढू लागली.