इनासमामाला राबवलं

ॲग्नेसच्या माहेरी लग्न असो की बाप्तिस्मा, जेवणं उरकून मांडवामागे टोपांचा ढीग पडला की कुणीतरी ओरडायचंच, "अरे, इनासला बोलवा! त्याला जपानचं ट्रेनिंग आहे!" आणि इनासमामा, मग अंगात सूट का असेना, बाह्या सरसावून उठायचा. माणसं पोट धरून हसायची. मामाही हसायचा.

त्याचं झालं असं, की मामा दुसऱ्या महायुद्धात फौजेत होता. सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांच्या तावडीत सापडला, आणि पुढे वर्षानुवर्षं त्याचा ठावठिकाणा नाही. घरच्यांनी आशा सोडून त्याच्या नावाने चर्चमध्ये मेलेल्यांसाठीची मिस्सासुद्धा सांगितली. आणि लढाई संपल्यावर एके दिवशी स्वारी वसईत दारात उभी! अंगावर मांस नाही, पुढचे दात हलताहेत. आजीने रडतरडत विचारलं, "कुठे होतास रे इतकी वर्षं?" तर हा तोंडातल्या तोंडात म्हणाला, "राबवलं."

"कुणी रे?"

"जपान्यांनी नेलं."

"काय करायला लावलं मेल्यांनी?"

"भांडी घासली."

झालं! घरात कधी प्यायल्या पाण्याचा तांब्या जागेवर न ठेवणाऱ्या पोराला जपान्यांनी बोटीत घालून भांडी घासायला नेलं, ही गोष्ट गावभर झाली. इतरांचे भाऊ लढाईवरून शौर्याच्या गप्पा घेऊन आले आणि आमच्या वाट्याला तेवढी मोरी आली, असं ॲग्नेसची आई आयुष्यभर म्हणत राहिली. म्हणजे ॲग्नेसला हा विनोद आईच्या दुधातूनच मिळाला म्हणायचा.

एकोणीसशे पंच्याण्णव सालच्या मार्चमध्ये मामा तिच्याकडे डार्विनला राहायला आला. मामी जाऊन वर्ष झालं होतं, तो वसईत एकटाच होता. ॲग्नेस इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर, नवरा ज्युलियन सरकारी इंजिनीयर, मुलगी लिझा दहा वर्षांची. आल्या दिवशीच ॲग्नेसने त्याला किचनमध्ये नेलं आणि डिशवॉशरवर थाप मारली.

"मामा, हा बघ. जपानी आहे. तुझी नोकरी खाल्ली याने."

मामाने कमरेत वाकून त्या यंत्राला जपानी पद्धतीचा नमस्कार केला. लिझा हसून लोळली. त्यानंतर रोज जेवणं झाली की मामा सिंकपाशी हजर, आणि ॲग्नेस मुकादमासारखी मागे उभी. "कड राहिली, कड! जपान्यांनी पगार कापला असता तुझा." घर कसं भरल्यासारखं वाटायला लागलं. त्याला तीन महिन्यांनी परत पाठवायचंच नाही, असं ॲग्नेसने मनाशी ठरवूनही टाकलं. फक्त त्याला राजी करायचं बाकी होतं.

शेजारी कीथ नावाचा म्हातारा राहायचा. सत्तरीचा, गोदीतून रिटायर झालेला, आंब्याच्या झाडावरून ॲग्नेसशी गोड भांडणारा. झाड त्याचं, आंबे पडायचे हिच्या अंगणात. एप्रिलमध्ये एका दुपारी तो कुंपणाशी आला. अँझॅक डे जवळ आला होता. त्या दिवशी इथले जुने सैनिक पदकं लावून रस्त्याने संचलन करतात आणि बायापोरं दुतर्फा उभी राहून टाळ्या वाजवतात. कीथही त्यांतलाच. त्याने मामाकडे बोट करून विचारलं, "तू कुठे होतास, मेट? युद्धात?"

ॲग्नेस लगबगीने मध्ये आली. मोरीची गोष्ट घरात ठीक आहे हो, पण या पदकवाल्यापुढे कशाला? आपल्या मामाला आपण हसावं. दुसरं कुणी हसलं तर तिला खपणार नव्हतं. ती घाईघाईने आंब्यांवर बोलायला लागली. पण मामा पुढे झालाच.

"राबवल," तो म्हणाला.

कीथच्या हातातला चहाचा मग तिथेच थांबला. "राबवल?"

आता या गोऱ्याला मराठी कधीपासून यायला लागलं, अशा चेहऱ्याने ॲग्नेस बघतच राहिली. "येस, येस," ती म्हणाली, "म्हणजे दे मेड हिम वर्क. किचनमध्ये वगैरे. राबवलं."

"नो, लव्ह," कीथ म्हणाला. "राबाउल. गाव आहे ते. मी होतो तिथे."

लिझा धावत जाऊन शाळेचा ॲटलास घेऊन आली. न्यू गिनीच्या शेजारी एक बेट, बेटाच्या टोकाला एक ठिपका, ठिपक्यापुढे नाव. डार्विनपासून फार लांबसुद्धा नाही. कीथ त्या ठिपक्यावर बोट ठेवून सांगत होता, की जपान हरल्यावर त्यांची तुकडी बोटीतून तिथे उतरली. डोंगर पोखरून नुसते बोगदे केलेले. ते खणायला ज्यांना जुंपलं होतं त्यात हिंदुस्थानी कैदी किती तरी. नुसत्या काटक्या. "पण आम्ही दिसल्यावर रांगेत उभे राहिले, आणि काय सॅल्यूट ठोकला! मी पोरगा होतो, मेट. भोकाड पसरलं मी."

मामाने कुंपणावरून हात पुढे केला आणि कीथने तो दोन्ही हातांत धरला.

"मामा," ॲग्नेस घरात आल्यावर म्हणाली, "म्हणजे ते गाव होतं?"

"होतं की. मी कुठे नाही म्हटलं?"

तिथून सगळं बिनसलं. ॲग्नेसला स्वतःची इतकी लाज वाटली, की विचारू नका. लहानपणापासून केलेली एकेक चेष्टा आठवून ती मनात मेल्याहून मेली झाली, आणि मामाची सेवा करायला लागली. मामाला एकदम 'अहो-जाहो' सुरू झालं. चहा बिछान्यात. भांड्याला हात लावायचा नाही. ज्युलियनने त्याला टीव्हीसमोरची आपली खुर्ची दिली आणि मामा खोलीत आला की तो उभाच राहायचा. लिझाने शाळेत सांगून टाकलं, "माय अंकल इज अ हीरो."

मामाने आपल्या परीने खूप प्रयत्न केले. एकदा मुद्दाम म्हणाला, "आमटीत मीठ नाही. कुठल्या कॉलेजात शिकलीस?" एरवी ॲग्नेसने त्याला डावच फेकून मारला असता. आता ती म्हणाली, "सॉरी मामा, तुम्हाला दुसरी करून देऊ?" एकदा तो सिंकपाशी जाऊन स्पंज हातात घेऊन उभा राहिला. ॲग्नेसने तो हळूच काढून घेतला आणि त्याला खुर्चीत नेऊन बसवलं. मामाचा चेहरा पडला. ॲग्नेसला वाटलं, आठवणींनी दमला असेल.

अँझॅक डेला मामा ज्युलियनचा लग्नातला कोट घालून डार्विनच्या त्या उन्हात कीथच्या शेजारून चालला. त्याची पावलं बरोबर पडत होती. टाळ्या वाजल्या, ॲग्नेस रुमालात तोंड खुपसून रडली, लिझाने फोटो काढले. घरी येऊन ॲग्नेसने मामाच्या आवडीचं डुकराचं इंदेल शिजवलं. बोलण्याच्या नादात टोप खाली लागला, तरी सगळे हळू आवाजात, चर्चमध्ये बसल्यासारखे जेवले. जेवण झाल्यावर मामा उठून आपल्या खोलीत गेला. ॲग्नेस मागोमाग गेली तर तो बॅग भरत होता.

"हे काय, मामा?"

"तिकीट अलीकडचं करून घे. मी जातो वसईला."

"पण काय चुकलं आमचं? तुम्हाला काय हवंय ते सांगा."

"पहिलं ते 'तुम्ही' बंद कर," मामा कडाडला. "घरात कुणी मेल्यासारखं वागताय सगळे. कोण मेलंय? मी? मला तर जिवंत असताना मिस्सा मिळालीय, दुसरी नको."

ॲग्नेस खाटेवर बसली. म्हणाली, "मग तू सांगितलं का नाहीस, मामा? आम्ही इतकी वर्षं हसलो तुला."

मामाने घडी केलेला शर्ट पुन्हा उलगडला, पुन्हा घडी करायला घेतला. "आई विचारत होती कुठे होतास, म्हणून मी गावाचं नाव सांगितलं. दात हलत होते, तिला 'राबवलं' ऐकू आलं. ती ऊर बडवायला लागली. पुढे विचारते, काय करायला लावलं? आता काय सांगू? बोगद्यात माझ्या शेजारचा पोरगा सकाळी होता आणि दुपारी नव्हता, हे आईला सांगू? तोंडाला आलं ते बोललो, भांडी घासली. तर तुझी आई, परकरी पोर होती, कंबरेवर हात ठेवून म्हणते, आणि घरी मात्र ताट उचलत नव्हतास! आणि आई हसली, ॲग्नेस. डोळे पुसतपुसत हसली. मी घरी आलो असं मला तेव्हा वाटलं."

"म्हणजे भांडी..."

"भांडी कुठली, वेडे? भांडी घासायला आधी कुणीतरी जेवावं लागतं."

बाहेर कीथच्या झाडावर पोपटांचा कलकलाट चालला होता. ॲग्नेसला हुंदका आला आणि तिने तो दाबला नाही. मामा अवघडून उभा राहिला, तिच्या डोक्यावर दोनदा थोपटलं, आणि परत बॅगेकडे वळला. तो खरंच जाणार होता. त्याच्या त्या वाकलेल्या पाठीकडे बघताना ॲग्नेसला कळलं, की त्याला खुर्ची नको होती, कोट नको होता, टाळ्यासुद्धा नको होत्या. त्याला त्याची मोरी हवी होती, आणि मागे उभं राहून ओरडणारं माणूस.

ती उठली. डोळे कोरडे करायचीही वाट न बघता किचनमध्ये गेली, इंदेलचा टोप उचलून सिंकमध्ये धाडकन आपटला. ज्युलियन खुर्चीतून उडालाच.

"मामा!" तिने आवाज चढवला. आवाज फाटला, पण तिने तो तसाच रेटला. "टोप खालून लागलाय! उठतोस, की जपान्यांना बोलावू?"

लिझा घाबरून म्हणाली, "मम! यू कान्ट से दॅट!"

खोलीत बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. मग पावलं. मामा दारात आला. अंगात अजून ज्युलियनचा कोट होता. तो त्याने काढून लिझाच्या डोक्यावर टाकला आणि बाह्या सरसावल्या. टोपात वाकून बघितलं.

"करपवलास! अगदी आईवर गेलीस. स्पंजाने काय होतंय याला? काथ्या आण."

"ऑस्ट्रेलियात काथ्या मिळत नाही."

"मग कसला देश तुमचा?"

"कड राहू देऊ नकोस," ॲग्नेस त्याच्या मागे उभी राहून म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते तिने पुसलं नाही. "पगार कापीन."

मामाने नळ पूर्ण सोडला आणि त्या आवाजावर ताण करून, कुंपणापलीकडे कीथलाही ऐकू जाईल असा ओरडला, "राबवा, मेल्यांनो! राबवा म्हाताऱ्याला!"