अन्सेलच्या डोक्यातला ओंडका

लाकूड कंपनीने यंदाही शाळेला पुस्तकं फुकट पाठवली होती. जुन्या काळचे कामकरी कसे राबायचे ते दुसरीच्या पोरांना शिकवायचं, आणि तेही अचाट थापांच्या गोष्टींमधून. ओरेगॉनच्या त्या गावात निम्म्या पोरांचे बाप झाडं तोडायला जातात. त्या पोरांना हे काम म्हणजे काय असतं ते कंपनीने सांगावं, हा शुद्ध निगरगट्टपणा. पण वर्गाची बाई लॉर्ना हॅस्केट नऊ वर्षं ते पुस्तक वाचत आली होती, आणि चांगलं रंगवून वाचायची.

त्या दिवशी कंपनीचे क्रेनसाहेब मागच्या बाकावर बसले होते, मांडीवर पोरांना वाटायच्या टोप्यांचा ढीग घेऊन.

पुस्तकातला महाकाय अन्सेल एका घावात चाळीस झाडं आडवी करायचा. "एकदा त्याच्या डोक्यात एवढाऽ मोठा ओंडका पडला," लॉर्नाने हात पसरले, "तर अन्सेल म्हणतो कसा, कोण रे तो मला गुदगुल्या करतोय?"

वर्ग खदाखदा हसला. जूनी रास्कू हसली नाही. तिचा बाप महिन्यापूर्वी ओंडक्याखालीच गेला होता. लॉर्नाला ते आत्ता आठवलं, आणि स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

जूनी उभी राहिली. "बाई, त्याला काहीच नाही झालं?"

"नाही गं."

"मग माझ्या बाबांचंच चुकलं ना? कंपनीचे साहेब आईला म्हणाले, ते भलत्या जागी उभे होते."

लॉर्ना तिच्या बाकाकडे निघाली, तेवढ्यात क्रेनसाहेब गोड आवाजात बोलले, "बाळ, बाबा चांगलेच होते तुझे. पण पक्का लाकूडतोड्या नेहमी वर लक्ष ठेवतो."

लॉर्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जूनीच्या बापाच्या वेळी तुटली ती ओंडके ओढायची तार आधीच गंजून गेली होती, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. तिच्या नवऱ्याने स्वतः दोनदा कंपनीच्या ऑफिसात जाऊन सांगितलं होतं. तिने पुस्तक मिटलं.

"पुढे काय झालं माहितेय? अन्सेल आपल्या गावच्या कंपनीत लागला. तिथली तार गंजलेली. तो म्हणाला, साहेब, तार बदला. साहेब म्हणाले, चालेल अजून आठवडाभर. तिसऱ्या दिवशी तार तुटली, ओंडका आला आणि अन्सेल मेला."

कोणी हसलं नाही.

"हे पुस्तकात नाहीये!" क्रेनसाहेब ताडकन उठले. टोप्या जमिनीवर सांडल्या.

"खाली बसा. थाप चालू असताना मधे तोंड घालायचं नसतं, एवढं ह्या पोरांनाही कळतं. ह्याहून मोठी थाप असेल तर सांगा. आहे की तुमच्याकडे! जूनीच्या आईला सांगितलीत तीच सांगा."

"उद्या ह्या वर्गात तुम्ही नसाल, मिसेस हॅस्केट."

"आज आहे ना!"

जूनी अजून उभीच होती. "बाई, अन्सेलपण भलत्या जागी उभा होता?"

"नाही. त्याला जिथे उभं केलं होतं, तिथेच होता तो. आणि तुझे बाबाही."