एकतीस पूर्णांक एक

गोदामातल्या वार्षिक तपासणीत नर्सबाईंनी सकाळपासून चौऱ्याहत्तर जणांना वजनकाट्यावर चढवलं होतं. पायांचे तुकडे पडायची वेळ आली होती. पंच्याहत्तरावा आला तो तिथला सगळ्यात जुना हमाल. वीस वर्षं पोती वाहून खांदे असे भरलेले, की दारातून आत यायला तो जरा तिरपा व्हायचा.

वजन नव्वद किलो, उंची एकशे सत्तर. संगणकानं बीएमआय दाखवला, एकतीस पूर्णांक एक. पुढे तांबड्या अक्षरांत ‘लठ्ठ’.

"यंदाही तेच का?" त्यानं विचारलं.

"तेच." बाईंनी रक्तदाबाचा पट्टा बांधला. त्याचे ओठ सुकून पांढरे पडले होते. "सकाळपासून काही खाल्लंत?"

"पंधरा दिवस एक वेळ जेवतोय, बाई. गेल्या वर्षी तुम्हीच लिहिलं होतंत, वजन कमी करा म्हणून. यंदा उतरलं नाही तर पोत्यांवरून काढून फाटकावर राखणीला बसवणार मला. परवा पोतं पाठीवर असताना डोळ्यांपुढे अंधारी आली. कुणाला बोललो नाही."

गेल्या वर्षी आपण मान वर न करता लिहून टाकलं असणार, बाईंच्या मनात आलं.

त्यांची थोरली बहीण काडीसारखी. बीएमआय बावीस, दर तपासणीत ‘सामान्य’. पोट तेवढं सुटलेलं, पण वजन ठीक आहे म्हणून साखर कुणी बघितलीच नाही. पायाची जखम चिघळली तेव्हा कळलं, आणि अंगठा गेला. आता ती बाईंकडेच असते. रोज संध्याकाळी घरी गेल्यावर तिच्या पायाची मलमपट्टी. त्या पायाकडे बघूनही आपण इथे नुसते आकडेच उतरवत बसलो, हे बाईंना आत्ता लागलं.

"उभे राहा," त्या म्हणाल्या आणि टेप काढली. कंबर चौऱ्याऐंशी, उंचीच्या निम्म्याहून कमीच. बोट टोचून साखर बघितली. ठीक. रक्तदाबही ठीक.

"हा आकडा नुसतं वजन आणि उंची बघतो. वजन मांसाचं की चरबीचं, आणि चरबी असली तर कुठे, ते त्याला कळत नाही."

"मग माझं उपाशी राहणं?"

"माझं चुकलं," बाई म्हणाल्या.

शेजारच्या खोलीत डॉक्टर सह्या करत बसले होते. बाईंनी हमालाचा कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि कंबरेचं मापही बघायला सांगितलं. "कंबरेला रकाना कुठाय?" ते कंटाळून म्हणाले.

"नाहीये. मागच्या बाजूला लिहिलंय. एकदा माणूस बघा, मग सही करा."

डॉक्टरांनी बाईंकडे पाहिलं, मग हमालाला आत बोलावलं. छाती तपासली, अंधारी कधी आली ते विचारलं. ‘कामास योग्य. उपास बंद’, असं लिहून त्यांनी सही केली.

बाईंनी आपला डबा उघडून त्याच्यापुढे सरकवला. तो खाली मान घालून जेवला.

"आता सगळ्यांचीच कंबर मोजणार की काय?" डॉक्टरांनी आतून विचारलं. "संध्याकाळ होईल."

"होऊ दे," बाई म्हणाल्या, आणि पुढच्याला हाक मारली.