लंबक थांबला नाही तो दिवस

मित्रांनो, जरा वर बघा. सभापतींच्या खुर्चीमागच्या भिंतीवर लटकलेलं, अक्रोडाच्या पेटीतलं जुनं घड्याळ म्हणजे मी. हे जुनं विधानभवन तुम्हाला दाखवताना मिस परडी माझ्यापाशी आल्या की हमखास हसतात. "मुलांनो, इथले आमदार एवढे हुशार, की त्यांनी वेळसुद्धा थांबवली!" मग तुम्हीही हसता. समोरच्या सज्जात बसलेली एक बाई मात्र हसत नाही. ती तुम्हाला दिसत नाही, मला दिसते.

नदीकाठच्या एका कारागिराने मला घडवलं. इथे चढवलं तेव्हा माझं केवढं कौतुक झालं! सारं गाव माझ्यावरून आपापली घड्याळं लावून घेई. मलाही गर्व चढला होता, खोटं कशाला बोलू?

आमच्या राज्याच्या घटनेप्रमाणे अधिवेशन शेवटच्या दिवशी दुपारी बाराला संपलंच पाहिजे. पण कामं तोवर कधी उरकली आहेत? मग बारा वाजत आले, की द्वारपाल एलिहू टॅकेट शिडी लावून चढे, माझं दार उघडे आणि लंबक धरून थांबवी. खाली संध्याकाळपर्यंत कायदे होत राहत, आणि माझ्या हिशेबाने अजून बारा वाजायचेच असत. रेल्वेसाठी मला थांबवलं, आमदारांच्या भत्त्यांसाठी थांबवलं. कुणी हूं की चूं केलं नाही.

एका वर्षी शेवटच्या दिवशी डेल्फिया मलिन्स सज्जात येऊन बसली. नवरा कोळशाच्या खाणीने गिळलेला, आणि मुलगा ऑर्विल त्याच खाणीत उतरत होता. प्रत्येक खाणीला बाहेर पडायची दुसरी वाट हवीच, असं विधेयक त्या दिवशी मुद्दाम अगदी शेवटी ठेवलं होतं. एकुलत्या वाटेवर आग लागली तर आतल्यांनी जायचं कुठे? पण खाणमालकांचे दोस्त भाषणांचं चऱ्हाट वळत राहिले. बारा वाजत आले. एलिहूने सवयीने शिडी लावली.

"एलिहू, खाली उतर," सभापती हॉर्टन म्हणाले.

"साहेब, पण दरवर्षी तर आपण..."

"दरवर्षीचं सोड. यंदा घटनेप्रमाणे वागायचं."

"अरे वा! आज बरी आठवली घटना!" मागच्या बाकावरून एका आमदाराने टोमणा मारला.

डेल्फिया सज्जाच्या कठड्याला धरून उभी राहिली. "अहो टॅकेटभाऊ, धरा ना तो लंबक! माझं पोर आहे हो तिथं खाली!"

"बाई, गप बसा, नाहीतर बाहेर काढावं लागेल," सभापती म्हणाले.

एलिहूचा हात माझ्या दारापर्यंत आला होता. मित्रांनो, त्या हाताची मी आयुष्यात एवढी वाट कधी पाहिली नाही. त्याला आपली नोकरी आठवली असावी. तो हळूच खाली उतरला. मी बारा टोले दिले, अगदी चोख. सभापतींनी हातोडी आपटली आणि विधेयक तिथेच मेलं.

त्या हिवाळ्यात खाणीच्या तोंडाशी आग लागली. ऑर्विल आणि त्याचे सोबती आतच राहिले. पुढच्या अधिवेशनात तोच कायदा एकमताने झाला. त्यासाठी मला थांबवलंसुद्धा! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सज्जात बसलेल्या डेल्फियाने हात मांडीवरून उचलले नाहीत.

तिला जाऊन आता पिढ्या उलटल्या. आमदार नव्या इमारतीत गेले, मला किल्ली द्यायचंही कुणाला सुचेना, आणि एक दिवस बारा वाजायच्या थोडं आधी मी आपोआप बंद पडलो. तेव्हापासून ती रोज येते. सभापतींच्या रिकाम्या खुर्चीकडे ती ढुंकूनही पाहत नाही. टक लावून बघते ती माझ्या काट्यांकडे.

परवा मिस परडी एका कारागिराला म्हणत होत्या, "याला चालू करा हो. मुलांना टोले ऐकायला किती मजा येईल!" ते ऐकून मला धडकीच भरली.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी अशा खुर्चीत बसाल, तेव्हा घड्याळ कुणासाठी थांबतं आणि कुणासाठी नाही, तेवढं बघा. आणि माझं म्हणाल, तर माझी धूळ पुसा, काच पुसा, पण मला किल्ली देऊ नका. सज्जातल्या त्या आईच्या लेखी अजून बारा वाजलेले नाहीत. तिचा ऑर्विल अजून बाहेर येऊ शकतो.