बर्फातले अंगठे

मित्रांनो, तुमच्या घरी ओव्हन असेल तर त्याच्या पोटात माझा एखादा भाऊबंद नक्की सापडेल. मी बिस्किटं भाजायचा ट्रे आहे. जुना, काळवंडलेला, एका कोपऱ्यात किंचित उचललेला. माझं सगळं आयुष्य धगीत गेलं. पण मला सांगायचं आहे ते त्या एका वर्षाबद्दल, जे मी बर्फात काढलं.

मी दुकानातून आलो नाही. या घरातला पहिला ओव्हन कुणाचा तरी वापरलेला होता आणि त्याच्या मापाचा ट्रे कुठेच मिळेना. तेव्हा या घरातल्या आईने सुतळीने आतलं माप घेतलं आणि ती पत्र्याचं काम करणाऱ्या कारागिराकडे गेली. त्याने जाड पत्रा कापला, कडा दुमडल्या, कोपरे ठोकले. एका कोपऱ्यावर हातोडी जरा जास्तच बसली. त्यामुळे मी तापलो की तो कोपरा उडे आणि ओव्हनमधून 'टण्' असा आवाज येई. पहिल्यांदा आईला वाटलं, दारावर कुणी आलं. "आले, आले" म्हणत ती पिठाच्या हातांनी दार उघडून आली. पुढे तिला खरं काय ते कळलं, पण सवय राहिली. मी वाजलो की ती असेल तिथून म्हणे, "आले रे बाबा, आले." पत्र्याच्या तुकड्याला कुणी ओ देतं का? मला ती देई. मी त्या एका शब्दावर वर्षानुवर्षं तापत राहिलो.

वर्षअखेरची मोठी सुट्टी जवळ आली की जामच्या बिस्किटांचे दिवस येत. आई लोणी आणि साखर फेसायची, त्यात मैदा मिसळायची, आणि पिठाचे लहान लहान गोळे माझ्यावर मांडायची. मग प्रत्येक गोळ्यात अंगठा दाबून खळगा करायची. तो दाब गोळ्यातून थेट माझ्यापर्यंत पोचायचा. या घरातल्या माणसांना मी चेहऱ्यांनी ओळखत नाही, हातांनी ओळखतो. आणि आईला तर अंगठ्यानेच.

खळगे केले की सगळा ट्रे फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात जाई. पीठ घट्ट झालं की भाजताना पसरत नाही. पण खरी खुबी पुढेच होती. बिस्किटं अर्धी भाजली की फुगतात आणि खळगे भरून येतात. तेव्हा मला बाहेर काढायचं, गरम बिस्किटांत पुन्हा अंगठा दाबायचा, आणि मगच घरी केलेला जर्दाळूचा जाम भरायचा. जाम आधी भरला तर तो उकळून उतू जातो. माझ्या डाव्या कडेला जो काळा डाग आहे, तो अशाच एका उतावळेपणाचा. तो पराक्रम घरातल्या मुलीचा. तिला सगळे टिटवी म्हणत. तान्हेपणी ती इतकी ओरडायची की आईनेच ते नाव ठेवलं, आणि ते पुढे नोकरीला लागल्यावरही तिच्या मागे मागे गेलं.

गरम बिस्किटांत आई गार पाण्यात बुडवलेला अंगठा दाबायची. चमच्याने दाब की, असं सगळे सांगत. ती म्हणे, चमच्याला काय कळतंय कुठे थांबायचं ते.

कौतुकाचे दिवस होते ते. आईची धाकटी बहीण, म्हणजे टिटवीची मावशी, "मी आपली एकच घेणार हं" असं म्हणून डबा मांडीवर घ्यायची आणि उठताना डबा खुळखुळायचा. बाबा कुलपं दुरुस्त करत. कुणी चावी हरवली, कुणी दारात अडकलं की लोक त्यांना शोधत घरी येत, आणि येणारा माणूस तोंड गोड केल्याशिवाय जात नसे. मावशी म्हणायची की सुट्टीच्या दिवसांत या गल्लीत चाव्या जरा जास्तच हरवतात.

मग टिटवी दुसऱ्या गावी राहायला गेली आणि एकदा येताना नवा, काळा, गुळगुळीत ट्रे घेऊन आली. त्याला काही चिकटत नाही, असं ती सांगत होती. मित्रांनो, मी घाबरलो. त्या वर्षी मी कपाटाच्या मागे उभा राहिलो, आणि कोळ्याने माझ्या वाकड्या कोपऱ्यात जाळं केलं. पण पुढच्या सुट्टीला आईने मला बाहेर ओढलं. नव्या ट्रेची तिने तक्रार केली नाही. एवढंच म्हणाली, तो बोलत नाही.

शेवटच्या खेपेला ती उभी राहू शकत नव्हती. दम लागायचा. स्टुलावर बसून, भिंतीला टेकून, तिने पीठ मळलं. बाबा म्हणत होते, या वर्षी राहू दे. तिने ऐकलं नाही. ती अंगठा दाबायची, थांबायची, श्वास घ्यायची, पुन्हा दाबायची. शेवटच्या ओळीपर्यंत येता येता ओट्याच्या खिडकीतलं ऊन सरलं होतं. मग तिने बाबांना मला बर्फाच्या कप्प्यात ठेवायला सांगितलं. "टिटवी आली की भाजू," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती तपासण्यांसाठी दवाखान्यात गेली.

दार बंद झालं की आत मिट्ट अंधार असतो. मी वाट पाहत राहिलो. बाहेर पुष्कळ पावलं वाजली, खुर्च्या सरकल्या, अनोळखी माणसं हळू आवाजात बोलत राहिली. मग सगळं थांबलं. मला कुणी काही सांगितलं नाही. ट्रेला कोण सांगणार?

बऱ्याच दिवसांनी दार उघडलं. टिटवी होती. तिने एका खळग्यावर बोट आणलं, पण टेकवलं नाही. मागून बाबांचा आवाज आला, "ते असू दे." तिने दार इतकं हळू लावलं, जणू आत कुणी झोपलं होतं. तेव्हा मला कळलं की आई परत येणार नाही, आणि तिचं या जगात उरलेलं शेवटचं काम माझ्या पाठीवर आहे.

त्या दिवसापासून कप्प्याला कुणी हात लावेना. बाबा कोमट पाणी पिऊ लागले, पण बर्फ काढेनात. आत मात्र बर्फ वाढत होता. तो भिंतींवरून उतरला, माझ्या कडांवर चढला, मग एकेका खळग्यात पांढरा होऊन बसला. फ्रीजची घरघर बंद पडली की जी शांतता होई, तिच्यात मला कधी कधी वाटे की एखाद्या गोळ्यावर दाब येतो आहे. हलका, नेमका, माझ्यापर्यंत पोचणारा. पत्र्याला भास होत नाहीत, असं तुम्ही म्हणाल. मग तो काय होता, ते तुम्हीच सांगा.

आणि दुपारी बाबा येत. फ्रीजसमोर खुर्ची ओढल्याचा आवाज होई. भाजी खारट झाली, असं ते सांगत. आज एक कुलूप असं निघालं की त्याच्या मालकालाही ते कशाचं ते आठवेना, असं सांगून ते एकटेच हसत. शेवटी विचारत, "ऐकतेस ना?" ते बंद दाराशी बोलत होते आणि दाराआड मी होतो. तिच्या वाटचं ऐकून घ्यायचं ओझं माझ्यावर आलं होतं. मला ओ देता येत नव्हती. मी गार होतो, आणि गार असताना मी वाजत नाही.

वर्ष फिरलं. पुन्हा सुट्टी आली. बर्फ आता इतका माजला होता की कप्प्याचं झाकण लागेना. दार नीट लागत नाही हे बाबांना कसं सहन व्हावं? जन्मभर त्यांनी दुसऱ्यांची दारं ठीक केली होती. त्यांनी फ्रीज बंद केला, मला दोन्ही हातांनी उचललं आणि खिडकीजवळच्या टेबलावर ठेवलं. बर्फ खरवडून झाला की लगेच परत ठेवायचं, असा त्यांचा बेत होता. एवढ्यात दारावर थाप पडली. शेजारच्या इमारतीतली बाई घराबाहेर अडकली होती आणि आत गॅसवर दूध होतं. बाबा हत्यारांची पिशवी घेऊन धावले.

ते कुलूप हट्टी निघालं असावं. टेबलावर ऊन आलं. खळग्यातला बर्फ आधी चमकला, मग त्याचं पाणी झालं. लोणी सैल पडू लागलं. एकेका अंगठ्याची कड मऊ होऊन आत वाकत होती, आणि मी, जो वर्षभर त्यांना जपत होतो, नुसता खाली पडून होतो.

टिटवी आणि मावशी आल्या तेव्हा घर उघडंच होतं. टिटवीने पिशव्या खाली ठेवल्या आणि ती टेबलाकडे बघत उभी राहिली. पाठोपाठ बाबा आले. दूध वाचलं, असं काहीतरी ते सांगत होते. मग त्यांचंही लक्ष गेलं.

"तुम्ही हे बाहेर ठेवलंत?" टिटवी म्हणाली. आवाज मोठा नव्हता. टिटवीचा मोठा नसलेला आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

बाबांच्या हातातली पिशवी तशीच राहिली.

टिटवी मला उचलून फ्रीजकडे निघाली. मावशीने वाट अडवली.

"आत ठेवून काय जपणार आहेस? सपाट चकत्या?"

"मावशी, यात तिचा अंगठा आहे."

"तो तुला खायला घालण्यासाठी होता, बाई. पुजायला नव्हता."

एक थेंब माझ्या कडेवरून फरशीवर पडला. मग बाबांनी पिशवी ठेवली, हात धुतले आणि ओव्हनसमोर जाऊन ते खाली वाकले. सगळ्या गावाची कुलपं उघडणारा हा माणूस, त्याला ओव्हनचं बटण सापडेना. "कुठलं फिरवायचं गं?" त्यांनी विचारलं. टिटवीने मला मावशीच्या हाती दिलं आणि बटण फिरवलं.

मी वर्षाने तापलो. कोपरा भरून आला आणि उडाला. टण्.

स्वयंपाकघरात तिघंही थांबले. तिघांनीही आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. मीही थांबलो होतो. कुणी ओ दिली नाही. मग ओव्हनची घरघर पुन्हा ऐकू येऊ लागली.

अर्ध्या भाजणीवर त्यांनी मला बाहेर काढलं. उरलेसुरले खळगे भरून आले होते. सगळी बिस्किटं फुगीर, गुळगुळीत, कुणाचीच नसल्यासारखी. टिटवीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते वाहू दिलं, आणि अंगठा गार पाण्यात बुडवून पहिल्या बिस्किटात दाबला. तो दाब माझ्यापर्यंत आला. नवखा होता, पण आला. मग बाबांनी दाबला. मावशी म्हणाली, माझ्या अंगठ्याने भोकच पडेल, आणि तिनेही दाबला. जाम दुकानातला होता.

बिस्किटं निवाल्यावर टिटवीने एक उचललं आणि तुटू नये म्हणून तळहातावर उलटं धरलं. खालच्या बाजूला तपकिरी डाग होता. तिने दुसरं उलटलं, मग तिसरं. प्रत्येकावर तोच डाग, आणि प्रत्येक डाग मध्यभागी नसून एका अंगाला कललेला. हे आम्हा ट्रेंना ठाऊक असतं. जिथे पीठ दाबून पातळ झालेलं असतं, तिथे आमची धग जास्त लागते. स्टुलावर बसून दाबताना आईचा हात बाजूने येत होता, म्हणून तिचे अंगठे कलते पडले होते. वरून ते मिटले, ऊन लागल्यावर वितळले, फुगून नाहीसे झाले. खालून मात्र मी ते भाजून ठेवले होते.

तिघांनी ती बिस्किटं खाल्ली. हळूहळू, उलटी धरून, शेवटच्या कणापर्यंत. मावशीने खरोखरच एक घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांनी सवयीने खुर्ची फ्रीजसमोर ओढली. कप्पा स्वच्छ होता, रिकामा होता, झाकण घट्ट लागत होतं. ते जरा वेळ बसले. काही बोलले नाहीत. मग उठले, खुर्ची टेबलाशी नेली आणि टिटवीच्या समोर बसले.

मित्रांनो, वस्तू जपा, आम्हाला घासूनपुसून कोरडं ठेवा, हे तर मी सांगेनच; पत्रा गंजतो. पण त्याहून एक मोठी विनंती आहे. तुमच्यासाठी कुणी काही करून ठेवलं असेल, तर ते ताटात घ्या. अंधारात ठेवून त्याची राखण आमच्यावर सोपवू नका. आम्ही राखू, पण रात्रंदिवस तो दाब अंगावर घेऊन पडून राहणं फार जड जातं, आणि जिचा तो हात आहे, तिलाही तिथे फार थंडी वाजत असेल.