शेंगापोळीचं खापर

गिरिजाला साखरेचा आजार जडला आणि घरात आरोपी ठरली तिची आई, राजेश्वरी. “हिनंच गूळ-शेंगदाण्याच्या शेंगापोळ्या चारून पोरीचं वाटोळं केलं,” असं सासू नीलम्मा येईल त्या पाहुण्याला सांगायच्या. राजेश्वरी मान खाली घालून ऐकायची, कारण तिलाही ते खरंच वाटत होतं. गुळाचा डबा तिनं कधीच माळ्यावर टाकला होता. नवरा, सोमेश, अशा वेळी मोबाईलमध्ये डोकं घालून बसे. बिचारा आईपुढं बोलत नाही, अशी ती स्वतःची समजूत घाली.

या खेपेला सोमेश कामात अडकला, म्हणून लेकीला घेऊन ती एकटीच दवाखान्यात गेली. धीर करून तिनं डॉक्टरीणबाईंना विचारलं, “शेंगापोळीनं झालं का ओ हे?”

“छे! लहान मुलांच्या या मधुमेहाशी खाण्याचा काही संबंध नाही,” बाई म्हणाल्या. “शरीराची राखण करणाऱ्या पेशीच उलटतात आणि इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारतात. एखाद्या विषाणूच्या तापानंतर हे सुरू होत असावं, असा संशय आहे. पण गिरिजाचं तसंच झालं, असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. दोष कुणाचाच नाही. सोमेशरावांना मी पहिल्याच दिवशी हे सांगितलंय की. गिरिजाला होटगीला ताप आला होता, हे त्यांच्याकडूनच तर कळलं.”

होटगीला सोमेशची बहीण राहायची. राजेश्वरी माहेरी गेली असताना तो लेकीला तिकडं घेऊन गेला होता. तापाचं मात्र अवाक्षर काढलं नव्हतं. ताप काय, कुणालाही येतो. पण सगळं ठाऊक असून त्यानं तिला बोलणी खाऊ दिली होती. आपल्याच माणसानं केसानं गळा कापला होता.

संध्याकाळी तिनं सासूसमोरच विचारलं, “होटगीला पोरीला ताप आलता. मला का सांगितलं न्हाई?”

“ताईचा पोरगा तापानं पडला होता, तरी मी हिला नेलं,” सोमेश पुटपुटला. “तू ताईवर खापर फोडलं असतंस. उगं भांडण कशाला?”

“आन् माझ्यावर फुटत होतं, ते चाललं तुमाला?”

नीलम्मांनी पदर सारखा केला. गिरिजा आईला बिलगली.

“आई, तापाचं सांगू नको म्हणून पप्पांनी सांगितलंतं. मी गप बसले म्हणून मला रोज सुई टोचत्यात का?”

“न्हाई गं बाळा.” राजेश्वरीनं तिच्या केसांवरून हात फिरवला. ती सोमेशकडं वळली. “माझं ऱ्हाऊ द्या. हिला तरी सांगा, तुझा दोष न्हाई म्हणून.”

सोमेशनं आईकडं पाहिलं आणि मोबाईल उचलला.